सुट्टीचं बुकिंग: आधी कागद, मग तिकीट

सुट्टी मंजूर झाली की बहुतेक लोक सगळ्यात आधी विमानाचं तिकीट काढतात. मग हॉटेल, मग व्हिसा, आणि निघायच्या आठवड्यात पासपोर्ट उघडून बघतात. माझ्या टेबलासमोर बसून "आता काही करता येईल का?" असं विचारणाऱ्यांची अडचण जवळजवळ नेहमी इथूनच सुरू झालेली असते. ही माणसं बेफिकीर नसतात. कित्येकांनी महिनोनमहिने तयारी केलेली असते, वह्या भरलेल्या असतात. चुकलेला असतो तो कामांचा क्रम.

ट्रॅव्हल एजंट म्हणून काम करताना मी एकच नियम धरते. जे काम दुसऱ्याच्या हातात आहे आणि ज्याला वेळ लागतो, ते आधी. ज्यात भरलेले पैसे परत मिळत नाहीत, ते त्यानंतर. पुढचे टप्पे परदेश प्रवास धरून लिहिले आहेत. देशातल्या देशात फिरणार असाल तर व्हिसाचा भाग सोडा, बाकीचं तसंच लागू पडतं.

## टप्पा १: दिवस नाही, रात्री मोजा

"आम्हाला सात दिवस आहेत, चार शहरं बसवा," अशी मागणी नेहमी येते. सात दिवस म्हणजे सहा रात्री. पहिला दिवस पोहोचण्यात जातो, शेवटचा निघण्यात. हाती उरले पाच. एका शहरातून दुसऱ्या शहरात जाताना सामान भरायचं, खोली सोडायची, स्टेशन किंवा विमानतळ गाठायचा, आणि नवी खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीननंतरच मिळते. प्रत्येक मुक्काम बदलला की अर्धा दिवस गेलाच. चार शहरं म्हणजे तीन वेळा हलणं, म्हणजे दीड दिवस. मग हातात राहतात साडेतीन दिवस, तेही तुकड्यातुकड्यांत.

एका कागदावर उभी यादी करा: तारीख, रात्रीचा मुक्काम, दिवसभरात एकच मुख्य काम. सहा रात्रींना दोन मुक्काम पुरे, फार तर तीन. बरोबर म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर दोनच. सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाचा वेग हाच गटाचा वेग धरून आखणी करा.

आता त्या यादीवर कॅलेंडर ठेवा. जपानमध्ये एप्रिलच्या शेवटी आणि मेच्या सुरुवातीला गोल्डन वीक असतो. अख्खा देश प्रवासाला निघतो आणि गाड्या, हॉटेलं भरून जातात. इटलीत १५ ऑगस्टच्या आसपास शहरांतली अनेक छोटी दुकानं आणि खाणावळी बंद असतात. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो, त्यामुळे कॅरिबियनची स्वस्त तिकिटं नेमकी याच महिन्यांत का दिसतात हे समजून घ्या. आठवड्याची सुट्टीही बघा. पॅरिसमधलं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, तिथलंच ओर्से संग्रहालय सोमवारी, ताजमहाल शुक्रवारी.

काही ठिकाणी तर आधी वेळ राखल्याशिवाय आत जाताच येत नाही. ॲमस्टरडॅममधल्या ॲन फ्रँक हाऊसची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या भेटींची विक्री खुली होते आणि ती भराभर संपतात. मिलानमधलं 'द लास्ट सपर' हे भित्तिचित्र बघायला छोट्या गटांना १५ मिनिटं मिळतात, तीही आधी नोंदवून. ग्रानाडाच्या अल्हाम्ब्रात नासरिद महालांसाठी तिकिटावर छापलेली वेळ पाळावी लागते. सगळी सहल एखाद्या अशाच जागेसाठी असेल तर त्या जागेची तारीख आधी बघा आणि बाकीचे दिवस तिच्याभोवती बसवा.

उंचीचाही हिशेब इथेच करायचा. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, पेरूतलं कुस्को ३,४०० च्या आसपास. विमानाने थेट तिथे उतरलात तर पहिले दोन दिवस यादीत विश्रांतीशिवाय काही लिहू नका. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा वैद्यकीय सल्ला आहे. "आम्हाला काही होत नाही" असं म्हणणारी तरुण, धडधाकट माणसंच पहिल्या दिवशी धावपळ करून आजारी पडलेली मी पाहिली आहेत.

तपासा: यादीतली प्रत्येक रात्र कुठे जाणार हे लिहिलेलं आहे का? विमानात किंवा रेल्वेत जाणारी रात्र वेगळी दाखवली आहे का?

## टप्पा २: सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर ठेवा

फोनमधला फोटो नको. प्रत्यक्ष पासपोर्ट, प्रत्येकाचा, एकाच वेळी समोर.

आधी मुदत बघा. अनेक देश प्रवासाच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाचा, नियम वेगळा आहे: तिथून परत निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत हवी, पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि व्हिसासाठी किमान दोन कोरी पानं हवीत. मुलांच्या पासपोर्टकडे जास्त लक्ष द्या. बऱ्याच देशांत त्यांची मुदत मोठ्यांच्या पासपोर्टपेक्षा कमी असते, आणि "आताच तर काढला होता" म्हणता म्हणता ती संपते.

मग पासपोर्टची अवस्था. भिजून फुगलेली पानं, उसवलेली शिवण, फोटोच्या पानावर ओरखडा, मुलांनी मारलेल्या रेघोट्या, यांतल्या कशाहीमुळे काउंटरवरून परत पाठवतात. शंका असेल तर नवा काढून घ्या.

आता नाव. फोटोच्या पानाच्या तळाशी बाणांच्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात. यंत्र वाचतं त्या या ओळी. वरच्या ओळीत आधी आडनाव, मग दोन बाण, मग नाव असा क्रम असतो. तिकिटावर, व्हिसाच्या अर्जात, विम्यात, सगळीकडे नाव इथून बघून उतरवायचं. रोजच्या वापरातलं नाव नाही, बँकेतलं नाही, सोशल मीडियावरचं तर नाहीच.

नवविवाहित जोडप्यांकडून ही चूक हमखास होते. हनिमूनचं तिकीट मोठ्या हौसेने नव्या आडनावाने काढलं जातं, पासपोर्टवर मात्र जुनंच असतं. तिकीट एकदा निघालं की बऱ्याच एअरलाइन्स आडनाव बदलून देत नाहीत. रद्द करून नव्या भावाने काढा म्हणतात. पासपोर्ट बदलून हातात येईपर्यंत सगळं बुकिंग जुन्या आडनावानेच करा. त्यात कमीपणा काही नाही.

ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे, त्यांनी तिकिटावर नाव कसं भरायचं हे त्या एअरलाइनला आणि व्हिसा देणाऱ्या देशाला आधीच विचारावं. नाव एकच असेल तर काही देश प्रवेशच देत नाहीत.

इशारा: पासपोर्ट नूतनीकरणाला दिला तर नंबर बदलतो. जुन्या नंबरावर घेतलेली ऑनलाइन प्रवास परवानगी नव्या पासपोर्टवर चालत नाही. आधी पासपोर्ट, मग बाकी सगळं.

## टप्पा ३: व्हिसा, आणि वाटेतल्या देशाचाही

"आम्ही तिथे फक्त विमान बदलणार आहोत," या वाक्यावर मी नेहमी थांबते. विमान बदलायलाही कधीकधी व्हिसा लागतो. अमेरिकेत विमानतळाबाहेर पाऊल टाकणार नसलात तरी ट्रान्झिटसाठी व्हिसा किंवा ऑनलाइन परवानगी लागतेच. इतर देशांचे नियम तुमच्या पासपोर्टनुसार बदलतात. त्यामुळे यादीत तीन रकाने करा: कुठे राहणार, कुठे विमान बदलणार, आणि परतताना कुठून येणार. परतीचा ट्रान्झिट लोक हमखास विसरतात.

शेंगेनच्या बाबतीत तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? जिथे सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर जिथून प्रवेश करणार त्याच्याकडे. कधी करायचा? प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून ते उशिरात उशिरा १५ दिवसांपर्यंत. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. शिवाय अर्ज देण्यासाठी वेळ मिळायलाच गर्दीच्या महिन्यांत कित्येक आठवडे जातात. आणि एकूण मुक्काम कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांच्या वर जाता कामा नये.

आता पॅरिस, लंडन, ॲमस्टरडॅम अशी सहल घ्या. नकाशावर छान दिसते. पण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. पॅरिसहून लंडनला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि ॲमस्टरडॅमला परत आत यायचं तर दुसरा प्रवेश लागतो. व्हिसावर प्रवेशांच्या रकान्यात एकच प्रवेश असेल तर सहल लंडनलाच अडकली. ब्रिटनची परवानगी वेगळी काढायची ती काढायचीच. यावर सोपा तोडगा म्हणजे शहरांचा क्रम बदलणं: आधी लंडन, मग पॅरिस आणि ॲमस्टरडॅम सलग.

व्हिसासाठी तिकीट आधी काढावंच लागतं हा समज फार पसरलेला आहे. अनेक ठिकाणी पैसे भरलेलं तिकीट मागत नाहीत, आरक्षण दाखवलं तरी चालतं. व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट विकत घेऊ नका, असं काही देशांचे दूतावास स्वतःच सांगतात. एजंटकडे किंवा एअरलाइनकडे ठरावीक मुदतीपर्यंत जागा राखून मिळते, नाहीतर रद्द करता येईल असं तिकीट घ्या. मात्र नकली आरक्षण छापून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. पडताळणीत ते उघडं पडतं आणि नकाराचा शिक्का पुढच्या प्रत्येक अर्जात तुमच्या मागे लागतो.

ज्या देशांत ऑनलाइन परवानगी चालते, तिथे अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावरच करा. शोध घेतल्यावर सगळ्यात वर दिसणाऱ्या दुव्यांत हुबेहूब सरकारी वाटणारी खासगी पानं असतात. ती जास्तीचं शुल्क घेतात आणि पासपोर्टची माहितीही घेतात. अमेरिकेच्या अशा परवानगीसाठी किमान ७२ तास आधी अर्ज करा असं तिथलं सरकार सांगतं. मी तरी तिकीट काढण्याच्याही आधी करायला लावते.

तपासा: आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेच्या काही भागांत जाणार असाल, किंवा तिथून पुढे दुसऱ्या देशात, तर पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागू शकतं. ते लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरलं जातं. आदल्या दिवशी घेतलेली लस कागदोपत्री उपयोगाची नाही.

## टप्पा ४: तिकीट

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात, म्हणून इथे सावकाश चला.

एक तिकीट की दोन? सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि पहिलं विमान उशिरा आल्याने पुढचं चुकलं, तर तुम्हाला पुढे पोहोचवणं ही एअरलाइनची जबाबदारी. दोन वेगळी तिकिटं असतील तर दुसऱ्या एअरलाइनच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. पैसे गेले. स्वस्त तिकिटं शोधून देणारी संकेतस्थळं अशी जोडतिकिटं सर्रास विकतात आणि 'सेल्फ ट्रान्स्फर' हे शब्द बारीक अक्षरांत दाखवतात. त्यात बहुतेक वेळा मधल्या विमानतळावर सामान स्वतः घ्यावं लागतं. सामान घ्यायचं म्हणजे इमिग्रेशन पार करून त्या देशात शिरायचं, आणि शिरायचं म्हणजे व्हिसा हवा. टप्पा ३ मधला ट्रान्झिटचा रकाना इथे पुन्हा बघा.

वेगळी तिकिटं घ्यायचीच असतील तर मध्ये सरळ एक रात्र ठेवा.

विमानतळ तोच आहे का? लंडनला हीथ्रोवर उतरून गॅटविकहून पुढे जायचं, टोकियोला नारिताला उतरून हानेदाहून उडायचं, पॅरिसला शार्ल द गोलहून ऑर्लीला जायचं, अशी तिकिटं विकली जातात. शहराचं नाव एकच असतं, विमानतळ शहराच्या दोन टोकांना. तिकिटावरचे विमानतळांचे तीन अक्षरी संकेत उतरण्याच्या आणि चढण्याच्या ओळींत जुळतात का, हे बोट ठेवून बघा.

मधला वेळ किती? प्रत्येक विमानतळाचा विमान बदलण्यासाठी किमान वेळ ठरलेला असतो आणि यंत्रणा तेवढ्यावर तिकीट विकते. तो वेळ सगळं सुरळीत झालं तर पुरणारा असतो. इमिग्रेशन मध्ये येत असेल तर मी अडीच-तीन तासांच्या खाली जात नाही. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर, तिकीट एक असलं तरी, साधारणपणे सामान ताब्यात घेऊन कस्टम्स पार करून परत द्यावं लागतं. त्याचा वेळ वेगळा धरा. आणि दिवसातलं शेवटचं विमान जोडणीला घेऊ नका. ते चुकलं तर रात्र विमानतळावर जाते.

मध्यरात्रीनंतरची तारीख. याबद्दल मी प्रत्येक ग्राहकाला फोन करते, तिकीट पाठवलेलं असलं तरी. तिकिटावर लिहिलेलं असतं: १४ तारीख, ००:४०. लोक १४ तारखेला दिवसभर सामान भरतात, शेजाऱ्यांना किल्ली देतात आणि रात्री नऊ वाजता विमानतळावर पोहोचतात. असंच एक कुटुंब काउंटरसमोर उभं होतं. आजोबा व्हीलचेअरवर, मुलांच्या गळ्यात मानेच्या नव्या कोऱ्या उशा. काउंटरवरच्या मुलीने तिकीट दोनदा वाचलं, पडद्याकडे बघितलं, आणि विमान काल रात्रीच गेलं असं हळूच सांगितलं. १४ तारखेच्या ००:४० ला उडायचं म्हणजे १३ तारखेच्या रात्री घरातून निघायचं. तिकिटावर १२ ते पहाटे ५ मधली वेळ दिसली की घराबाहेर पडण्याची तारीख आणि वार वेगळ्या कागदावर लिहा आणि घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

भाड्याचे नियम. 'रिफंडेबल' शब्द दिसला म्हणून पूर्ण पैसे परत मिळतील असं समजू नका. रद्द केल्यास किती कापणार, तारीख बदलल्यास किती, विमान सुटण्याआधी कळवलं नाही तर काय, हे तीन आकडे लेखी मागा. सगळ्यात स्वस्त भाड्यात अनेकदा सामान धरलेलं नसतं. विमानतळावर ते वजन करून घ्यायला गेलात की बचत संपते. दोन एअरलाइन्सचा प्रवास असेल तर प्रत्येकीची सामानाची मर्यादा तपासा. तिकिटावर एका एअरलाइनचा क्रमांक असून विमान दुसरीचं असू शकतं. 'ऑपरेटेड बाय' या ओळीत ते दिसतं, आणि चेक-इन तिच्याच काउंटरवर असतं.

जातानाचं सोडलं तर येतानाचंही जातं. परतीच्या तिकिटात पहिलं विमान न कळवता सोडलं तर बहुतेक एअरलाइन्स पुढचे सगळे टप्पे रद्द करतात. "मी ट्रेनने जाते, येताना विमानाने येईन" हे आधी एअरलाइनशी बोलून लेखी घेतल्याशिवाय करू नका.

पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. सहा अक्षर-अंकांचा पीएनआर मिळाला की लोकांना काम झालं असं वाटतं. पीएनआर म्हणजे फक्त आरक्षणाची नोंद. तिच्यावर टाइम लिमिट असते, आणि त्या वेळेपर्यंत तिकीट निघालं नाही तर जागा आपोआप सुटते. तिकीट निघालं याची खूण म्हणजे १३ अंकी ई-तिकीट क्रमांक. त्यातले पहिले तीन अंक एअरलाइनचे असतात. एजंटकडून किंवा संकेतस्थळाकडून तो क्रमांक मागा, मग एअरलाइनच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पीएनआर आणि आडनाव टाकून बुकिंग उघडतं का ते बघा. हे माझ्याकडून घेतलेल्या तिकिटालाही लागू आहे. चांगल्या एजंटला या तपासणीचा राग येत नाही.

मुलं आणि गरोदर स्त्रिया. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर जातं, पण वाटेत त्याचा दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीला त्याची स्वतंत्र जागा लागते. गरोदरपणात २८ आठवड्यांनंतर बऱ्याच एअरलाइन्स डॉक्टरांचं पत्र मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर बहुतेक प्रवास करू देत नाहीत. परतीच्या तारखेला कितवा आठवडा असेल ते मोजा. एकाच पालकाबरोबर मूल जाणार असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र सोबत ठेवा.

तपासा, पैसे भरण्याच्या क्षणी: नाव पासपोर्टच्या तळच्या ओळींप्रमाणे. महिना बरोबर. विमानतळ जुळलेले. निघण्याचा वार उच्चारून बघितला. मग बटण दाबा.

## टप्पा ५: विमा त्याच दिवशी

प्रवास विमा निघायच्या आदल्या दिवशी काढणं ही फार सामान्य चूक आहे. सहल रद्द करावी लागली तर भरपाई देणारं कलम पॉलिसी घेतल्यानंतरच्या घटनांनाच लागू होतं. आज तिकीट काढलं, महिनाभराने घरात कुणी आजारी पडलं आणि विमा मात्र अजून घ्यायचाच आहे, तर काही मिळत नाही. पहिला न परतणारा पैसा भरला त्याच दिवशी विमा घ्या.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं. पण हा व्हिसापुरता किमान आकडा आहे. उपचार महाग असलेल्या देशांत जास्त घ्या. जुना आजार, चालू औषधं, झालेली शस्त्रक्रिया सगळं अर्जात लिहा. लपवलेला मधुमेह दावा नाकारायला पुरेसा ठरतो. स्कूबा, स्कीइंग, ट्रेकिंग करणार असाल तर ते पॉलिसीत आहे का, आणि ट्रेकिंगला उंचीची मर्यादा आहे का, ते वाचा. भाड्याची स्कूटर परवान्याशिवाय चालवून अपघात झाला तर विमा हात वर करतो. समुद्रकिनाऱ्याच्या ठिकाणी हे वारंवार होतं, आणि रुग्णालयाचं बिल कुटुंबाला भरावं लागतं.

## टप्पा ६: मुक्काम आणि गाडी

विमान पहाटे दोन वाजता उतरत असेल तर खोली आदल्या तारखेची घ्या, आणि आपण पहाटे पोहोचणार आहोत हे हॉटेलला लिहून कळवा. न कळवल्यास रात्री उशिरापर्यंत पाहुणा आला नाही म्हणून खोली दुसऱ्याला देतात. प्रशांत महासागर ओलांडताना तारीख बदलते. अमेरिकेहून आशियात येताना पोहोचण्याची तारीख एक-दोन दिवस पुढे असते. हॉटेलची तारीख निघण्याच्या नाही, पोहोचण्याच्या तारखेवरून धरा.

'मोफत रद्द' लिहिलेल्या खोलीला शेवटची तारीख आणि वेळ असते, आणि ती सहसा हॉटेलच्या गावच्या घड्याळाप्रमाणे. कॅलेंडरमध्ये तिच्या दोन दिवस आधी आठवण लावा.

गाडी भाड्याने घेताना बहुतेक कंपन्या चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात आणि अनामत रक्कम त्यावर अडकवतात. डेबिट कार्ड घेऊन गेलेल्यांना बऱ्याचदा गाडी मिळत नाही. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्यापूर्वी आपल्याच देशात काढावा लागतो. तो कोणत्या कराराखालचा आहे हेही बघा: जपानमध्ये १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचाच चालतो, १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचा नाही.

## टप्पा ७: शेवटचे पंधरा दिवस

एअरलाइनच्या संकेतस्थळावर बुकिंग पुन्हा उघडा. वेळापत्रकं बदलतात आणि कळवणारी ईमेल जाहिरातींच्या ढिगात जाते. कधी बदल दहा मिनिटांचा असतो, कधी त्यामुळे मधली जोडणीच तुटते. एअरलाइनने मोठा बदल केला असेल तर बहुतेक वेळा विनाशुल्क दुसरं विमान मिळतं, पण लवकर मागणाऱ्याला जागा असतात.

पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, विमा, हॉटेलचा पत्ता यांच्या छापील प्रती एका पिशवीत, दुसरा संच दुसऱ्या माणसाच्या बॅगेत. फोनमध्ये इंटरनेटशिवाय उघडतील अशा. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह केबिन बॅगेत, मूळ वेष्टनात. काही देशांत साध्या वाटणाऱ्या औषधांवरही बंदी असते, तेव्हा त्या देशाच्या दूतावासाची यादी बघा.

पॉवर बँक नेहमी केबिन बॅगेत, मोठ्या सामानात कधीच नाही. १०० वॉट-अवरपर्यंतची साधारणपणे चालते. २०,००० एमएएचची सुमारे ७४ वॉट-अवर होते. आकडे पुसले गेले असतील तर ती जप्त होऊ शकते.

## टप्पा ८: निघाल्यावर, आणि काही बिघडलं तर

सामान देताना पावतीवरचा विमानतळाचा संकेत वाचा. तो शेवटच्या ठिकाणाचा आहे का? मधल्या ठिकाणाचा असेल तर तिथे सामान घ्यावं लागणार. तिथल्या तिथे विचारा. बॅग बंद असताना आणि पावती चिकटवलेली असताना तिचा एक फोटो काढा.

परदेशात कार्ड वापरताना यंत्र विचारतं, बिल तुमच्या चलनात हवं की इथल्या? इथल्याच चलनात निवडा. आपल्या चलनाचा पर्याय ओळखीचा आकडा दाखवतो, पण त्यातला दर जवळजवळ नेहमी महाग पडतो.

विमान रद्द झालं तर रांगेत उभं राहा आणि त्याच वेळी फोनवरून एअरलाइनशी किंवा एजंटशी बोला. जो मार्ग आधी लागेल तो. वैतागून स्वतः दुसरं तिकीट काढण्याआधी "पर्यायी विमान देता येत नाही" असं त्यांच्याकडून लेखी घ्या, नाहीतर त्या खर्चाची भरपाई मागणं अवघड होतं. युरोपियन युनियनमधून निघणारं विमान असेल तर २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमाचं नाव लक्षात ठेवा. ताटकळत ठेवल्यास जेवण आणि गरज पडल्यास हॉटेल द्यावं लागतं. विमान रद्द झालं किंवा तीन तासांहून उशिरा पोहोचलं तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो मागता येतात. वादळासारखं कारण असेल तर ही रक्कम मिळत नाही, जेवण आणि राहण्याची सोय मात्र तेव्हाही द्यावी लागते.

सामान आलं नाही किंवा फुटून आलं तर पट्ट्याजवळच्या काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. घरी जाऊन फोन करू म्हणणाऱ्यांचं काम अडतं. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार सामानाचं नुकसान झाल्यास ते मिळाल्यापासून ७ दिवसांत, आणि उशिरा आल्यास हातात पडल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार द्यावी लागते. दरम्यान घेतलेल्या कपड्यांच्या, वस्तूंच्या पावत्या ठेवा. बोर्डिंग पास आणि सामानाची पावती घरी पोहोचल्याबरोबर फेकू नका. एअरलाइन आणि विमा कंपनी दोघेही ती मागतात, आणि दावा पूर्ण मिटेपर्यंत ती जपून ठेवावी लागते.